पुढील पुराव्यासाठी परत

पोस्टमन आला तेव्हा हे बाहेर
कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते.
मी हाक मारली. दुसरी मारली.
मग आतून कूलरचं बटण बंद केलं.
पातं थांबलेलं दिसलं की हे वळतात.
आमच्या घरात हाक अशी मारतात.

माजी हवालदार यादोराव टेंभुर्णे, नारी रोड, नागपूर.
आत चार ओळी.
अपील फेटाळलेलं नाही. मंजूरही नाही.
रिमांड.

मी घाबरले. रिमांड म्हणजे तर
चोराला कोठडीत टाकतात ते, पेपरात येतं.
खोरगडे वकील फोनवर हसले,
म्हणाले, वहिनी, माणसाचा नाही, फाइलचा.
फाइल परत खाली गेली.
आणखी पुरावा जोडा म्हणतात.

आणखी.
हा शब्द आमच्या दारी तिसऱ्यांदा आला.
आता त्याला चहा विचारायचा तेवढा राहिला.

आधी कान कागदावर हवा होता.
कामठीच्या मिलिटरी दवाखान्यानं तो दिला:
टक्के अठरा. विसाला दोन कमी.
आणि खाली बारीक अक्षरात,
सेवेमुळे झालेलं नाही,
सेवेमुळे वाढलेलंही नाही.
मग कशानं जी? माझ्या बडबडीनं?

आता त्या दिवसाचा दाखला हवा.
सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर, वाळूतली रेंज,
तोफेच्या कुठल्या बाजूला कोण उभा होता,
कोणी पाहिलं.
युनिटनं कळवलं, तेव्हाचे कागद मुदत संपल्यावर जाळले.
नियमाप्रमाणे जाळले.
जाळल्याचं प्रमाणपत्र मात्र आहे,
तीन प्रतींत.

पाहिलं होतं चमनलाल बिसेननं.
बसनं बालाघाटला गेलो, तिथून ऑटोनं गावात.
फोटोवरचा हार अजून सुकला नव्हता.
त्याच्या बायकोनं जेवू घातलं, हातावर पाणी दिलं,
आणि निघताना म्हणाली,
आमच्या ह्यांनाही टीव्ही फार मोठ्यानं लागायचा.
मी म्हटलं, बाई, एवढं लिहून द्या.
तिनं अंगठा दिला.

खोरगडेंनी कागद दोनदा वाचला.
नाही चालणार, म्हणाले. हा ऐकीव पुरावा.

ऐकीव!
मी ह्यांच्याकडे पाहिलं.
हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

माझ्याजवळही पुरावा आहे,
पण तो कुठल्याच कागदाला चिकटत नाही.
अठ्ठ्याऐंशीत हे रजेवर आले.
थोरली पाळण्यात किंचाळून लाल झालेली,
आणि हे तिच्याकडे पाठ करून
खिडकीशी दाढी करत राहिले,
गालावरचा साबण नीट, हळूहळू काढत.
मी भांड्यांवर राग काढला. अबोला धरला.
चार दिवस एक शब्द नाही.
पाचव्या दिवशी हे गाडीत बसले, हात हलवला.
मी बोलत नव्हते हे
त्यांना कळलंच नव्हतं.

हे कोणत्या फॉर्मात लिहू?
कोणता साक्षीदार आणू त्या अबोल्याचा?

रात्री हे विचारतात,
तुला रातकिडा ऐकू येतो का?
मी हो म्हणते.
घरात रातकिडा नसतो.

श्रावण सरला. तान्हा पोळा आला.
पिवळी मारबत निघाली तेव्हा आम्ही
शहीद चौकात, ढोलाच्या अगदी तोंडाशी.
लोक कानावर हात ठेवून,
हे हात मागे बांधून, विश्राममध्ये उभे.
सगळे ओरडत होते,
इडा पीडा घेऊन जा गे मारबत!
मीही ओरडले. पासष्टीला आलेली बाई,
घसा फाटेस्तोवर ओरडले:
टक्के घेऊन जा गे मारबत,
मुदत घेऊन जा,
ते 'आणखी' घेऊन जा,
सगळी फाइल घेऊन जा गे मारबत!

हे माझ्या ओठांकडे बघत होते.
मग त्या जुन्या परेडच्या आवाजात,
ढोलवाला दचकून मागे वळला असा,
म्हणाले:
फाइल नको नेऊ म्हणा तिला.
झेरॉक्स काढायची राहिली आहे.